पहिली राज्यसभा आणि अठरा मतांचा हिशेब

मुसलमानांच्या राजकारणावर चर्चा निघाली की दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. पहिले, ‘विभक्त मतदारसंघ मागितले म्हणून देश फुटला.’ दुसरे, ‘विभक्त मतदारसंघ गेले आणि आपला आवाजही गेला.’ पहिले वाक्य बहुधा बाहेरून येते, दुसरे आपल्याच मोहल्ल्यातून. दोन्ही बाजूंना आपापले वाक्य इतके पाठ झालेले असते की त्यापलीकडे काय घडले हे तपासायची गरज कुणाला वाटत नाही.

या दोन वाक्यांच्या मध्ये एक अख्खी निवडणूक उभी आहे. १९५२ सालची, राज्यसभेची पहिली निवडणूक.

त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीवर भरपूर लिहिले गेले आहे. कोट्यवधी निरक्षर मतदार, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवरचे चिन्ह, निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी केलेली तयारी. ते सगळे खरेच थक्क करणारे आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत असे काही नव्हते. सभा नाहीत, मिरवणुका नाहीत, भोंगे नाहीत. मतदार म्हणजे नुकतेच निवडून आलेले आमदार. त्यामुळे हा निकाल इतिहासाच्या अडगळीत गेला. पण अल्पसंख्याकांनी जपून ठेवावा असा तो निकाल आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कधी तासिका रिकामी असली की नागरिकशास्त्राचा तासही माझ्याकडे येतो. पुस्तकात राज्यसभेविषयी एक ओळ असते : राज्यसभेचे सदस्य अप्रत्यक्षपणे निवडले जातात. मुले ती ओळ अधोरेखित करतात आणि पान उलटतात. त्या ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दात काय दडले आहे, ते आज पाहू.

आधीचे वरिष्ठ सभागृह

राज्यसभा हे देशाचे पहिले वरिष्ठ सभागृह नव्हे. १९१९च्या कायद्याने इंग्रजांनी ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ नावाचे सभागृह काढले होते. त्यात जास्तीत जास्त ६० सदस्य असायचे. काही सरकारने नेमलेले, काही निवडलेले. निवडणारे कोण? साऱ्या हिंदुस्थानात मिळून सतरा हजारांच्या आसपास मतदार. मोठा शेतसारा भरणारे, मोठा प्राप्तिकर भरणारे, सरकारदरबारी मान असलेले. स्त्रियांना मत नव्हते.

या सभागृहात मुसलमानांसाठी वेगळ्या जागा होत्या आणि त्या जागांवर फक्त मुसलमान मतदार मत देत. या व्यवस्थेची सुरुवात १९०६च्या सिमला शिष्टमंडळापासून सांगतात. आगाखानांच्या नेतृत्वाखाली काही मान्यवर मुसलमान व्हाइसरॉयला भेटले, आणि १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत विभक्त मतदारसंघ मान्य झाले. पुढे १९१६च्या लखनौ कराराने काँग्रेसनेही ते मान्य केले. ही गोष्ट पहिले वाक्य बोलणारे विसरतात.

दुसरे वाक्य बोलणारे दुसरी गोष्ट विसरतात. विभक्त मतदारसंघातून कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ‘मुसलमानांचा आवाज’ म्हणून जो जात होता तो कुणाचा होता? जमीनदाराचा, मोठ्या व्यापाऱ्याचा, खानबहादुराचा. त्यांतले काही भले लोक होते, शिक्षणासाठी झटणारे होते. पण मालेगावच्या विणकराला, कोकणातल्या खलाशाला किंवा भायखळ्याच्या गिरणीतल्या जुलाह्याला त्या सभागृहासाठी मतच नव्हते. दरवाजावर कौमचे नाव लिहिले होते, आत मात्र मूठभर लोक होते.

तीन भूमिका

आता तीन माणसांकडे पाहू. तिघेही १९५२मध्ये एकाच सभागृहात पोहोचले. तिघांची विभक्त मतदारसंघाविषयीची भूमिका मात्र निराळी होती.

पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी विभक्त मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२च्या जातीय निवाड्यात ते मिळालेही. गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेले. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ऐवजी १४८ झाल्या, पण त्या संयुक्त मतदारसंघात. म्हणजे उमेदवार अस्पृश्य, मत मात्र सर्वांचे. हा सौदा आपल्या गळी उतरवला गेला, ही सल बाबासाहेबांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

दुसरे मद्रासचे एम. मुहम्मद इस्माईल. त्यांचे चाहते त्यांना ‘काइद-ए-मिल्लत’ म्हणत. फाळणीनंतर मुस्लिम लीगचे नाव घेणेही अवघड झाले होते. त्या काळात, मार्च १९४८मध्ये, त्यांनी मद्रासला इंडियन युनियन मुस्लिम लीग उभी केली. संविधान सभेत ते विभक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. मे १९४९मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही त्यांनी विरोध नोंदवला. सभागृहाचा कल काय आहे हे त्यांना दिसत होते, तरीही ते बोलले.

तिसऱ्या बेगम ऐजाज रसूल. संविधान सभेतल्या त्या एकमेव मुस्लिम स्त्री सदस्य. त्याही लीगच्याच राजकारणातून आलेल्या. पण त्यांनी सभागृहात नेमकी उलट बाजू मांडली. राखीव जागांमुळे अल्पसंख्याक बहुसंख्याकांपासून कायमचे तुटतील, म्हणून त्या मुसलमानांनी स्वतःहून सोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी आपल्याच लोकांचे टोमणे त्यांनी सोसले.

एकाला विभक्त मतदारसंघ मिळून हातचे गेले होते. दुसऱ्याने शेवटपर्यंत मागितले, पण मिळाले नाहीत. तिसरीने ते नकोतच म्हटले. ३ एप्रिल १९५२ रोजी राज्यसभा अस्तित्वात आली, तेव्हा तिघांचीही नावे तिच्या यादीत होती. बाबासाहेब मुंबई राज्यातून, इस्माईलसाहेब मद्रासमधून, बेगमसाहेबा उत्तर प्रदेशातून. हे झाले कसे?

फळ्यावरचा हिशेब

राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने होते. आमदार मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करत नाही. तो नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. निवडून येण्यासाठी ठरावीक मतांचा कोटा लागतो. तो काढायची रीत सोपी आहे. एकूण मतांना जागांपेक्षा एक जास्त संख्येने भागायचे आणि भागाकाराच्या पुढची पूर्ण संख्या घ्यायची. एखाद्या उमेदवाराला कोट्यापेक्षा जास्त मते पडली तर ती जास्तीची मते वाया जात नाहीत, दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. सगळ्यात मागे पडलेला उमेदवार बाद होतो आणि त्याची मतेही पुढच्या पसंतीकडे जातात.

मुंबई राज्याच्या विधानसभेत तेव्हा ३१५ आमदार होते. राज्यसभेच्या जागा १७. म्हणून ३१५ला १८ने भागायचे. भागाकार साडेसतरा. म्हणजे सर्वांनी मत दिले तर साधारण १८ आमदारांच्या मतांवर एक माणूस राज्यसभेत जाणार. हा हिशेब नववीच्या वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे ज्याच्या पाठीशी १८ आमदार आहेत, त्याला उरलेले २९७ मिळूनही अडवू शकत नाहीत?” नाही अडवू शकत. या पद्धतीचा सगळा अर्थ त्या मुलाच्या प्रश्नात आला.

आता पक्षांचे बळ पाहा. ३१५पैकी काँग्रेस २६९. शेतकरी कामगार पक्ष १४, समाजवादी ९, कामगार किसान पक्ष २, कम्युनिस्ट १, अपक्ष १९. आणि बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा आमदार किती? एक.

एका आमदाराच्या पक्षाचा नेता राज्यसभेत गेला. समाजवाद्यांशी फेडरेशनचा निवडणूक समझोता होता. ते ९ आणि हा १ मिळून दहा होतात. तरी आठ कमीच. म्हणजे उरलेली मते अशा लोकांकडून आली, ज्यांचा बाबासाहेबांच्या पक्षाशी संबंध नव्हता. मतदान तेव्हा गुप्त होते, त्यामुळे कुणाच्या पेनाने तो ‘१’ लिहिला हे पेटीलाच ठाऊक. पण लिहिला गेला.

याच्या काही आठवडे आधी काय झाले होते, तेही लक्षात घ्या. लोकसभेच्या निवडणुकीत मुंबई शहर उत्तर मतदारसंघातल्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते. त्यांना १,२३,५७६ मते पडली. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७. बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. सव्वा लाखाच्या घरात माणसांनी मत देऊनही संविधानाच्या शिल्पकाराला लोकसभेत जागा मिळाली नाही, आणि दीड डझन मतांच्या कोट्यावर राज्यसभेत मिळाली. माणूस तोच, वर्ष तेच. फरक फक्त मते मोजण्याच्या रीतीचा.

यात एक मुद्दा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. जानेवारी १९४९मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी सुचवले होते की लोकसभाही प्रमाणशीर प्रतिनिधित्वानेच निवडावी. धर्मावर आधारलेल्या राखीव जागांपेक्षा ही रीत बरी, कारण तीत कुणावर जातीचा किंवा धर्माचा शिक्का बसत नाही आणि कुणाचे मत फुकटही जात नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याला उत्तर देणारे होते स्वतः डॉ. आंबेडकर. या पद्धतीला साक्षर मतदार लागतो, आपल्याकडे तो नाही, आणि तिने सरकारही स्थिर राहणार नाही, असे सांगून त्यांनी सूचना नाकारायला लावली. तीन वर्षांनी ज्या पद्धतीने त्यांना संसदेत आणले, ती प्रमाणशीर पद्धतीच होती. बाबासाहेबांची कुचेष्टा करायला हे लिहीत नाही. निरक्षरतेचा त्यांचा मुद्दा त्या काळात खोटा नव्हता. पण वऱ्हाडातल्या त्या मुस्लिम वकिलाची सूचना आज आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

मद्रासचा हिशेब

मद्रास राज्य तेव्हा खूप मोठे होते. आजच्या तमिळनाडूबरोबर आंध्रचा किनारा आणि मलबारही त्यात होता. आमदार ३७५, राज्यसभेच्या जागा २७. भागाकार १३.३९, म्हणजे कोटा १४. मुस्लिम लीगचे आमदार होते पाच.

इथेही पाचावर भागत नाही. पण मद्रासचे चित्र मुंबईहून वेगळे होते. तिथे काँग्रेसला बहुमत नव्हते. १५२ आमदारांवर तिचा गाडा अडला होता आणि कम्युनिस्टांचा गट मोठा होता. अशा सभागृहात पाच जणांना किंमत येते. एप्रिलमध्ये राजाजींचे मंत्रिमंडळ बनले, तेव्हा त्यांना लीगच्या आमदारांचा पाठिंबा मिळाला. ज्यांनी संविधान सभेत लीगच्या मागण्या फेटाळल्या, त्याच काँग्रेसला चार वर्षांच्या आत लीगचे पाच हात हवेसे झाले. इस्माईलसाहेब राज्यसभेत गेले आणि १९५८पर्यंत राहिले. पुढे १९६२पासून मंजेरीतून ते लोकसभेवरही निवडून येत राहिले.

म्हणजे विभक्त मतदारसंघाचा शेवटचा मोठा वकील आपल्या पक्षाबाहेरच्या मतांच्या मदतीने निवडून आला. त्यासाठी त्यांना आपले म्हणणे सोडावे लागले नाही, पक्षाचे नावही बदलावे लागले नाही. दुसऱ्यांशी बोलावे मात्र लागले.

निकालातली इतर नावे

मुंबई राज्यातून निवडून आलेल्यांत एक नाव होते आबिद अली यांचे. गुजरातीभाषक मुसलमान, काँग्रेसचे, कामगार चळवळीतले. त्यांनी कौमच्या नावाने राजकारण केले नाही, गिरणी आणि गोदीच्या कामगारांत केले. नेहरूंच्या सरकारात ते कामगार खात्याचे उपमंत्री झाले. आधीच्या तीन भूमिकांशेजारी ही चौथी वाट मांडायला हवी : ओळख धर्माची, पण पाया कामाचा.

याच यादीत व्हायोलेट आल्वा होत्या. मंगळूरकडच्या कॅथॉलिक कुटुंबात त्यांचा विवाह झाला होता. १९६२ साली त्या राज्यसभेच्या पहिल्या स्त्री उपसभापती झाल्या. लीलावती मुन्शी होत्या. गांधीजींचे वैद्य म्हणून ओळखले जाणारे पारशी डॉक्टर गिल्डर होते, पुण्याचे त्र्यं. र. देवगिरीकर होते, उद्योगपती लालचंद हिराचंद होते. एका राज्याच्या यादीत दलित, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, जैन अशी नावे आली आणि त्यांतल्या एकासाठीही धर्माची राखीव जागा नव्हती. काँग्रेसला आपल्या बळावर बहुतेक जागा हव्या त्यांना देता येत होत्या. हवे असते तर ही यादी एकरंगीही होऊ शकली असती. ती झाली नाही, याचे श्रेय त्या वेळच्या नेतृत्वाला द्यायला हवे.

तेव्हाचा महाराष्ट्र एका राज्यात नव्हता, हेही ध्यानात ठेवा. मुंबई राज्याच्या १७ जागांत गुजरात आणि कन्नड जिल्हेही होते. मराठवाडा हैदराबाद राज्यात, त्याच्या ११ जागा. विदर्भ मध्य प्रदेशात, त्याच्या १२. तीन राजधान्यांत, तीन वेगळ्या हिशेबांनी, मराठी माणसाचे प्रतिनिधी ठरत होते.

साऱ्या राज्यांतून निवडलेले २०४ आणि राष्ट्रपतींनी नेमलेले १२, असे २१६ जणांचे हे सभागृह. त्यात स्त्रिया १५. नेमलेल्या बारांत विज्ञानाचे सत्येंद्रनाथ बोस, नाटक-सिनेमाचे पृथ्वीराज कपूर, नृत्याच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, हिंदीचे कवी मैथिलीशरण गुप्त. त्यांच्यात दोन शिक्षक असे होते, ज्यांची गाठ आपल्या वर्ध्याला पडली होती. १९३७ साली गांधीजींच्या नव्या तालीमचा आराखडा करणारी समिती वर्ध्यात नेमली गेली. अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन, सदस्यांत साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर. पंधरा वर्षांनी दोघे राज्यसभेत शेजारी आले. कालेलकर पुढे पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले. झाकिरसाहेब १९६२मध्ये उपराष्ट्रपती झाले आणि ज्या सभागृहात सदस्य म्हणून आले होते त्याच्याच सभापतींच्या खुर्चीवर बसले. १३ मे १९५२ रोजी राज्यसभेची पहिली बैठक भरली होती. १३ मे १९६७ रोजी त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली.

आत गेल्यावर

निवडून येणे ही अर्धी गोष्ट. आत जाऊन काय केले, ही उरलेली अर्धी.

२ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा होती. बाबासाहेब बोलायला उभे राहिले. संविधान जाळणारा पहिला मी असेन, या अर्थाचे त्यांचे उद्गार त्याच दिवशीचे. हे उद्गार समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. मूळ विषय मात्र बाजूला राहतो. विषय होता भाषावार राज्यांत अल्पसंख्याकांचे काय होणार हा. त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालांना अधिकार हवेत, असे ते मांडत होते. अल्पसंख्याकांना मान्यता दिल्याने लोकशाही बिघडते असे बहुसंख्याकांनी म्हणू नये, त्यांना दुखावण्यानेच खरे नुकसान होते, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. मार्च १९५५मध्ये त्यांनी आपल्या रागाचे कारणही सभागृहाला सांगितले : देवासाठी मंदिर बांधले आणि देव यायच्या आत त्याचा ताबा सैतानाने घेतला, तर काय करायचे?

काँग्रेसच्या २६९ आमदारांच्या सभागृहाने निवडलेल्या यादीतला एक माणूस दिल्लीत उभा राहून सरकारला हे ऐकवत होता. अठरा मतांची किंमत अशी वसूल होते.

दार अरुंद होत गेले

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही.

राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. पण १९५२मध्ये सगळेच एकदम निवडून आले होते. मग कुणी दोन वर्षांनी जायचे, कुणी चार आणि कुणी सहा? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. बाबासाहेबांच्या वाट्याला १९५६पर्यंतची मुदत आली, इस्माईलसाहेबांच्या वाट्याला १९५८पर्यंतची. बाबासाहेब १९५६मध्ये पुन्हा निवडून आले आणि ६ डिसेंबरला ते गेले, तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते.

या चिठ्ठ्यांनी एक गोष्ट कायमची बदलली. १७ जागा एकदम भरायच्या असतात, तेव्हा सभागृहातली साडेपाच टक्के मते पुरतात. त्याच जागा सहा-सहाच्या तुकड्यांत भरल्या, तर चौदा टक्क्यांहून जास्त लागतात. आजच्या महाराष्ट्राचे घ्या. आमदार २८८, राज्यसभेच्या जागा १९. एका वेळी सहा जागा भरायच्या असतील तर कोटा ४२. राज्यसभेचे दार लहान गटांसाठी १९५२मध्ये जितके रुंद होते तितके पुन्हा कधीच झाले नाही.

पुढे २००३मध्ये आणखी दोन बदल आले. एक, मतदान खुले झाले. पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. घोडेबाजार थांबवायला हे केले, असे सांगितले गेले, आणि ते कारण खोटेही नव्हते. पण १९५२मध्ये पक्षाबाहेरच्या नावापुढे गुपचूप ‘१’ लिहिणारे जे कुणी असतील, त्यांच्यासाठी आता जागा उरली नाही. दुसरा बदल असा, की उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट गेली. जून २०२२मध्ये उत्तर प्रदेशातले उर्दू शायर इम्रान प्रतापगढी काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातून राज्यसभेत गेले, ते या बदलामुळे. माझा त्यांच्यावर राग नाही. उर्दूचा शिक्षक शायरावर कशाला रागवेल? पण कोकणातले बॅरिस्टर अंतुले किंवा हुसेन दलवाई राज्यसभेत होते, तेव्हा इथल्या मुसलमानाची मराठी बोलीही तिथे पोहोचत होती. दिल्लीत आपला माणूस म्हणजे आपल्या धर्माचा, की आपल्या गावची एसटी, आपल्या शाळा आणि आपले रेशन दुकान माहीत असलेला? हा प्रश्न आता आपणच पक्षांना विचारायला हवा.

मग आवाज गेला का?

सुरुवातीच्या दोन वाक्यांकडे या निकालाच्या उजेडात पाहा. विभक्त मतदारसंघ मागणारे सगळे देश फोडायला निघाले होते, असे म्हणायचे तर बाबासाहेबांचे काय करणार? आणि इस्माईलसाहेबांचे काय करणार, ज्यांनी या देशाच्या संविधान सभेत उभे राहून, या देशाच्या चौकटीतच आपली मागणी मांडली आणि ती फेटाळल्यावर या देशाच्याच सभागृहात सहा वर्षे काम केले? पराभूत मागणी म्हणजे देशद्रोह नव्हे.

विभक्त मतदारसंघ गेले म्हणून आवाज गेला, हेही या निकालात टिकत नाही. एक आमदार असलेल्या पक्षाचा नेता आणि पाच आमदार असलेल्या पक्षाचा नेता, दोघेही आत गेले. स्वतःच्या माणसांच्या मतांवर दोघांपैकी कुणीही गेला नसता. संख्या कमी असणाऱ्याला दुसऱ्याची दुसरी पसंती मिळवावी लागते. त्यासाठी आधी त्याच्याशी बोलणे लागते, त्याच्या प्रश्नात उभे राहणे लागते, आणि आपला माणूस असा निवडावा लागतो की परक्यालाही त्याच्या नावापुढे आकडा लिहावासा वाटेल.

पण नुसती सदिच्छा पुरत नाही, हेही तोच निकाल सांगतो. सव्वा लाखाच्या घरातली मते एका रीतीत शून्य झाली आणि दुसऱ्या रीतीत दीड डझन मतांनी संसदेचे दार उघडले. म्हणून मते मोजायची रीत हा आपल्या चर्चेचा विषय असायला हवा. आपल्या जलशांत, मजलिशीत तिकीट कुणाला मिळाले यावर रात्री जागवल्या जातात. कोटा कसा काढतात हे मात्र कुणी विचारत नाही. काझी करीमुद्दीन यांनी १९४९मध्ये जो प्रश्न टाकला, तो लोकसभेसाठी आजही तसाच पडून आहे. तेव्हा मतदार निरक्षर आहे म्हणून तो बाजूला ठेवला. आज आपल्या मुलांना १, २, ३ लिहिता येते.